पोरगा क्लिअर आहे

माझ्या नवऱ्याला साधा प्रश्न विचारताच येत नाही. आज भाजी काय, एवढं विचारायचं असलं तरी ते आधी भांड्याचं झाकण उचलून पाहतात, मग माझ्या तोंडाकडे पाहतात आणि मग विचारतात. उत्तर त्यांना ठाऊकच असतं, मी खरं बोलते की नाही तेवढंच तपासायचं असतं. मी शेजारून परत आले की "कुठं गेली होती?" आणि त्याच्या मागोमाग "सोबत कोण होतं?" अशी जोडीच येते. पोलिसाशी लग्न म्हणजे मान, गाडी, दरारा, असं माझ्या अकोल्याच्या माहेरी अजूनही समजतात. दरारा आहे ना. बाहेर दाखवून उरलेला तो घरीच सांडतो.

अमरावतीच्या पोलीस क्वार्टरमध्ये मी सगळे सण नवऱ्यावाचून केले. गणपतीत हे दुसऱ्यांच्या गणपतीपुढे उभे, आणि घरची आरती मी आणि मुलगी म्हणणार. तो राग येऊन येऊन बोथट झाला. गेल्या दिवाळीआधीचा राग मात्र अजून तसाच आहे.

आमची एकुलती एक मुलगी अकोल्याला एका खासगी लॅबमध्ये नोकरी करते. तिला एक मुलगा आवडला. बार्शीटाकळीचा, शेतकी शिकलेला. घरची शेवंती आणि झेंडू, माल घेऊन तो स्वतः अकोल्याच्या बाजारात यायचा. तिने मला सांगितलं, मी यांना. नवल म्हणजे हे नाही म्हणाले नाहीत. मुलगा आणि त्याची आई आमच्याकडे आले, पोहे झाले, चहा झाला. "आधी कुठं होता? तिथून काहून सोडलं? सोबत कोण होतं?" यांचं सुरू झालं. पोरगा घाम पुसत पुसत सगळ्याची नीट उत्तरं देत होता. जाताना त्याच्या आईने माझ्या मुलीच्या ओटीत नारळ घातला आणि तुळशीच्या लग्नानंतर साक्षगंध करायचं ठरलं. त्या संध्याकाळी मुलगी गुणगुणत कप विसळत होती. आमच्या घरात कोणी गुणगुणत नाही, म्हणून लक्षात राहिलं.

आता मुलाची चौकशी सगळेच करतात. आमच्या वऱ्हाडात तर लोक पाहुणा म्हणून जातात, शेजारच्या म्हातारीशी दोन गोष्टी बोलतात आणि सात पिढ्यांचं काढून आणतात. ज्याचं काढलं त्याला पत्ताही लागत नाही. यांना ही रीत माहीत नव्हती असं नाही, पण रीतीने वागायला वेळ कोणाला आहे? यांनी तिकडच्या ओळखीच्या एका हवालदाराला फोन लावला, "जरा पाहून घे," म्हणाले आणि मोझरीच्या पुण्यतिथीच्या बंदोबस्तावर निघून गेले. मला एका शब्दाने विचारलं नाही.

हवालदाराने पाहून घेतलं. साहेबांच्या घरचं काम म्हटल्यावर काय विचारता! वर्दी घालून, भर सकाळी, गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी केली. किराणा दुकानात विचारलं, पोरगा पितो का? सलूनमध्ये विचारलं, कोणाशी भांडणतंटा? मग सरळ दारात जाऊन पोराचं आधारकार्ड मागितलं, आणि पासपोर्टसाठी करतात तसं दोन शेजाऱ्यांना बोलावून त्याच्या आईसमोर त्याची चालचलणूक विचारली. दुपारपर्यंत गल्लीच्या लेखी पोराने काहीतरी केलं होतं. संध्याकाळपर्यंत त्याला उचलून नेलं होतं. पोरगा बिचारा दिवसभर मळ्यात झेंडू तोडत होता.

दुसऱ्या दिवशी मुलीला त्याचा फोन आला. आई नाही म्हणते, एवढंच तो बोलला. मुलगी रजा टाकून घरी आली.

मी एसटीने बार्शीटाकळीला गेले. ठाण्यातले लोक गाडी देतो म्हणाले, मी नको म्हटलं. मुलाची आई अंगणात हार ओवत बसली होती. मला पाहून उठली, पाणी दिलं, चहा टाकला. चहा टाकला म्हणून मला उगीच आशा वाटली.

"बाई, पोरगी मले लई आवडली होती," ती म्हणाली. "पण पोलीस दारात उभा होता अन् सारी गल्ली पाहून राह्यली होती. माह्या सासऱ्याच्या काळापासून आमच्या उंबऱ्यावर कधी वर्दी आली नव्हती."

"चुकलंच यांचं," मी म्हटलं. "विचाराले नको होतं."

"विचाराले काहून नको? पोरीचा बाप हाय, विचारनच. पण तुमी यायचं होतं. इथं बसून चहा प्याचा होता, शेजारीपाजारी बोलाचं होतं. मी काय नाही म्हटलं असतं?" तिने हार बाजूला ठेवला. "आता लग्न केलं तर लोक म्हनतीन, पोलिसाच्या धाकानं केलं. अन् उद्या दोघांत दोन शब्द झाले, का पुन्हा येईन तुमचा हवालदार. माह्या पोराले मी त्या भेवात नाही टाकत."

भिऊ नका, असं तिला मी कोणत्या तोंडाने सांगणार होते? त्याच भीतीत माझा जन्म गेला होता. चहा संपवला आणि निघाले.

घरी पोचले तेव्हा हे मोझरीहून आले होते. बूट काढलेले, टेबलावर प्रसादाची पुडी, चेहरा उजळलेला. मी तोंड उघडायच्या आत मुलीला हाक मारून म्हणाले, "पोरगा क्लिअर आहे. केस नाही, दारू नाही, काही नाही. असा पोरगा शोधून भेटत नाही. करून टाकू."

मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. मग मीच सगळं सांगितलं, चांगलं ओरडून सांगितलं.

"मी बाप आहे," हे म्हणाले. "चौकशी नको करू?"

"बाप घरीच ठेवला अन् वर्दी पाठवली तुमी."

यांनी फोन उचलला. "थांब, त्याच हवालदाराले पाठवतो. तो समजावून सांगते त्या बाईले."

मुलीने त्यांच्या हातातून फोन काढून टेबलावर ठेवला आणि आत निघून गेली.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. आता ती बापाशी आरोपीसारखी बोलते, विचारलं तेवढंच, तेही हो किंवा नाही. शनिवारी अकोल्याहून येते, रविवारी जाते. भल्याभल्यांना बोलतं करणारा माणूस तिच्या खोलीबाहेर घुटमळत राहतो. मला दया येत नाही.

मागच्या रविवारी दुपारी तिथेच उभे राहून यांनी विचारलं, "जेवली का, बेटा?" झाकण उचलून पाहिलं नाही, पाठोपाठ दुसरा प्रश्न टाकला नाही. नुसतंच विचारलं.

"हो," ती आतून म्हणाली.

तिचं ताट ओट्यावर तसंच झाकलेलं होतं. मी काही ते यांना सांगितलं नाही.