वांगावरची ट्यूब

माझ्या गालांवर वांगाचे डाग पडले आणि तेलगावातल्या बायकांना आयताच विषय मिळाला. लग्नाला नऊ वर्षं होऊन मूल नाही, हे माझ्या तोंडावर बोलायची त्यांची हिंमत नव्हती; मग त्या वांगाची चौकशी करायच्या. "काहून झालं गं हे?" मला अशी चीड यायची! शेवटी सासूबाईच मला बीडला त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. त्यांना मी आत्या म्हणते.

डॉक्टरबाईंनी दोन ट्यूबा सांगितल्या. एक रेटिनॉइडची. रात्री वाटाण्याएवढी लावायची, सुरुवातीला कातडी सोलवटेल, उन्हाला जपायचं, पण फरक चांगला पडेल. दुसरी साधी, सावकाश काम करणारी. "पहिली द्यायची तर एक विचारते," त्या म्हणाल्या. "मुलासाठी प्रयत्न चालू आहेत का? दिवस राहायची शक्यता असेल तर ही लावायची नाही."

मी तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाल्या, "तसलं काई न्हाई आता. चांगली हाय तीच लिहा."

इतकी वर्षं दर महिन्याला त्या मला हळूच विचारायच्या, "आली का गं पाळी?" अलीकडं ते विचारणं थांबलं होतं, पण माझ्या ध्यानात आलं नव्हतं. घरात कुणाला आशा उरली असेल तर त्यांनाच, असं मी धरून चालले होते. त्यांनीच ती सोडली, आणि तीही माझ्यावरच्या मायेनं. भांडावं तरी कुणाशी? डॉक्टरबाईंनी माझ्याकडं पाहिलं तेव्हा मी नुसती मान डोलावली.

रात्री आत्यांनीच ट्यूब उघडली आणि माझ्या बोटावर मलम काढलं. "लाव, माय. लई छान दिसशील."

बोट गालापर्यंत जाईना. रडूच फुटलं.

"आत्या, एवढा महिना जाऊ द्या."

मग माझं बोट पदराला पुसून त्यांनी झाकण लावलं. "बरं," म्हणाल्या.

पुढच्या महिन्यातही मी तेच म्हणाले, त्याच्या पुढच्याही. वांग तसेच राहिले. ट्यूबची तारीख उलटली तेव्हा आत्यांनीच ती उचलून टाकली आणि दुसरी आणायचं नावही काढलं नाही. पाळी आली का, हे मात्र त्या पुन्हा विचारायला लागल्यात, आणि दर महिन्याला मला "आली" म्हणावं लागतं.