दारणेवरचे खेकडे

रविवारी सकाळी अख्खी कॉलनी टीव्हीपुढे बसलेली असताना आमचे शेजारी पोरांना घेऊन दारणेवर खेकडे धरायला जात. कचेरीतले कारकून, नदीवरही चेहरा कचेरीतलाच. काठीला दोरा, दोऱ्याला सुका बोंबील. "हिसका द्यायचा नाही. आपणच ओढतोय, असं त्याला वाटू द्या," एवढंच सांगत.

एकदा मीही गेलो होतो. माझ्या मुलीने दगडाखाली हात घातला आणि खेकड्याने तिचं बोट धरलं. ती किंचाळली. मी पोचायच्या आत यांनी तिचा हात पाण्यात बुडवला आणि नांगीशी स्वतःचं बोट नेलं. खेकड्याने तिचं सोडून यांचं पकडलं.

तो बोटाला लोंबकळत असतानाच यांनी पोरांना गोल उभं केलं.

"दगडाखाली हात घालायचा नाही," ते म्हणाले. "का, ते नीट बघून घ्या. मागच्यांना दिसतंय ना?"