पायरीवरची सुनावणी

नागपुरातल्या आमच्या कचेरीत दिव्यांगांच्या तक्रारींची सुनावणी दुसऱ्या मजल्यावर व्हायची आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. कामठीहून तीनचाकी स्कूटरवर येणारे एक वकील जिन्यापाशीच थांबायचे. शिपाई उचलायला पुढे झाले, की काळा कोट सावरत विचारायचे, "मी काय गॅसचं सिलिंडर आहो का गा?"

मग साहेबच खाली यायचे. त्यांच्यामागे खुर्ची आणि फायली घेऊन मी, कारकून.

एकदा मला गुडघा चोळताना वकिलांनी पाहिलं. "दुखून राहिला का, बाबू?"

"दिवसातून सहादा जिना चढतो मी," मी कुरकुरलो.

त्यांनी लगेच कोरा कागद काढला. "मंग लिफ्टसाठी तुम्ही अर्ज करा. माहे तीन अर्ज वरच पडून आहेत."

मजकूर त्यांचा, सही माझी. चार महिन्यांत लिफ्ट लागली. पहिल्याच दिवशी मी त्यांना मोठ्या ऐटीत आत घेतलं. आरशात बघून त्यांनी कोटाची कॉलर नीट केली.

"आमच्या तीन अर्जांपेक्षा तुमचा एक गुडघा भारी निघाला, बाबू."

दोनच मजले होते, पण वर पोचायला फार वेळ लागला.