लिंबू आणि भावोजी

दृष्ट लागू नये म्हणून गाडीत लिंबू बांधणारे पुष्कळ. पण गाडीचा रेटा बघायला लिंबू बांधणारा माणूस जगात एकच, आणि तो माझ्या ताईच्या वाट्याला आला. भावोजी मोखाड्याच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. जव्हारहून रोज जीपने जायचे, पुढच्या सीटवर, आणि नजर आरशाखाली दोऱ्याला लोंबणाऱ्या लिंबावर. जीप वेग घेऊ लागली की लिंबू मागे तिरकं, वेग स्थिरावला की सरळ, ब्रेक लागला की पुढे. घाटाच्या वळणावर तर वेगाचा काटा जागचा न हलताही ते बाहेर झुके. "वेग अंगाला कळत नाही, त्यातला बदल कळतो," हे ते ओकणाऱ्या प्रवाशालाही समजावत, वर त्याची पिशवी धरून.

एकदा जीपच्या ड्रायव्हरला, पोशेरा गावचा होता तो, म्हणाले, "समज, तू गाडी अशीच रेटत राहिलास, वर्षानुवर्षं. लिंबू कायम एवढंच तिरकं, आपल्या पाठीला रेटाही तोच. पण रस्त्याकडेच्या माणसाला तुझ्या वेगातली भर कमी कमी होताना दिसेल. प्रकाशाच्या वेगाजवळ जाशील, गाठणार कधीच नाहीस."

"गाठायचाच नाय, मंग डिझेल कशाला जाळायचा, सर?"

या प्रश्नावर भावोजी इतके खूश झाले की त्याला घरी जेवायलाच घेऊन आले. ताईने मुकाट्याने नाचणीच्या आणखी भाकऱ्या थापल्या.

निवृत्तीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला. मी नर्स, गोंजारणं मला जमत नाही. रोज संध्याकाळी त्यांना अंगणात चालवायची. सुरुवातीला भराभर सुधारले, मग गाडी अडली. त्यांना एकच हवं होतं, जीपची ती पुढची सीट. पण पायरी उंच, आणि उजवा पाय काही तेवढा उचलेना.

"भावोजी, जोर कमी पडतोय."

"जोर तेवढाच आहे गं. तू रस्त्याकडेला उभी आहेस, म्हणून तुला तसं दिसतं."

मी त्यांना अंगणात आणखी एक फेरी मारायला लावली.

पावसाळा सरल्यावर तोच ड्रायव्हर जीप थेट दारात घेऊन आला. "पाट ठेवू का, सर?"

"नको."

पाय दोनदा घसरला. ताई तुळशीला पाणी घालायचं निमित्त करून पाठमोरी उभी राहिली. तिसऱ्यांदा चढला. भावोजींनी घाम पुसून आधी वर बघितलं.

"लिंबू नवा बांधलाय, सर. पहिला सुकला."

"मग बघतोस काय? कर तिरकं!"

जीप निघाली. मी रस्त्याकडेला उभी होते. मला तरी ती फार हळू जाताना दिसली.