पलंगाची कड
रंगाऱ्याने टर्पेंटाइनचा डबा उघडला आणि मला परभणीच्या दवाखान्यातली ती म्हातारी आठवली. मी तिथे कान-नाक-घशाच्या वॉर्डात सिस्टर होते. तिचा मुलगा आणि सून ऊसतोडीला गेलेले. नाकात अळ्या झाल्या तेव्हा शेजाऱ्यांनी तिला चुडाव्याहून आणून सोडलं होतं. डॉक्टर टर्पेंटाइनचा बोळा नाकात ठेवत आणि अळ्या पुढे आल्या की चिमट्याने एकेक उचलत. मी मास्कआड श्वास रोखून तिचं डोकं धरायची. तिला स्वतःला मात्र कसलाच वास येत नव्हता. नाक कधीचंच मेलं होतं. "शेजारीण ताट उंबऱ्यात ठिऊन माघारी पळायची," ती म्हणाली, "मला वाटलं, माझंच काई तरी चुकलं." चौथ्या दिवशी नाक स्वच्छ झालं, तेव्हा तिने हळूच विचारलं, "आता बी वास यायलाय का ओ?" मी म्हटलं, "नाही आजी, अजिबात नाही," आणि खरंच येत नव्हता. "मग बसा की जरा," म्हणत तिने अंग चोरून पलंगाच्या कडेला माझ्यासाठी जागा केली. "घाईत आहे, येते नंतर," म्हणून मी निघाले, आणि गेलेच नाही. आज काम उरकल्यावर मी रंगाऱ्याला म्हटलं, "बस, चहा टाकते." त्यालाही घाई होती.