निमंत्रणातून आलेला किडा

मी पिठाच्या गिरणीवर जन्म काढला. शाळा चौथीपर्यंत, तीही रडत. पण किड्याबद्दल मला कुणी शिकवू नये. गव्हातले सोंडे, तुरीतले भुंगे, पिठात जाळी धरणारी अळी, डबा उघडायच्या आधी मला वास येतो. त्यामुळे पोरगा जेव्हा म्हणाला, "आबा, लॅपटॉपमध्ये वर्म शिरलाय," तेव्हा मी त्याला म्हणालो, "वर्म शिरत नसतं. ते आधीपासून असतं, त्याच्यावर घाव बसतो."

तो हसला. इंग्रजीत वर्म म्हणजे किडा, म्हणाला. एवढं शिकून किड्याला किडा म्हणता येत नाही.

लॅपटॉप माझ्या बायकोचा. ती गेल्यावर पोरानं मला इकडं परदेशात, सिटीवेस्टला आपल्या घरी आणलं, तेव्हा विमानात मी तो मांडीवर घेऊन बसलो होतो. शेवटच्या आजारपणात ती त्यात नातीसाठी बोलून ठेवायची. नात इथं जन्मलेली. मराठी समजतं, पण उत्तर इंग्रजीत, आणि भिंतीतल्या कपाटाला इथल्या लोकांसारखं प्रेस म्हणते. म्हणून ही पडल्या पडल्या एकेक शब्द सांगायची. फडताळ म्हणजे काय, गुऱ्हाळात काहील कशाला लागते, उंबऱ्यावर का बसू नये. शब्द एक आणि बडबड पाच मिनिटं. अशी चाळीसेक बोलणी. इंटरनेटवर दुसरीकडं एक प्रत ठेवू, असं पोरगा कितीदा म्हणाला. मीच नको म्हणालो. बायकोचा आवाज परक्याच्या कोठारात कशाला?

माझा स्वतःचा मेल नाही. तिचाच उघडतो, तिच्याच नावानं. त्यावर एक दिवस तिच्या भावाच्या नावानं वास्तुशांतीचं आग्रहाचं निमंत्रण आलं. आमच्यात निमंत्रण आलं की आधी उघडायचं, जायला जमो न जमो. उघडताना मशीन तीनदा इंग्रजीत काहीतरी विचारत होतं. मी तीनदा यस दाबलं. पत्रिका काही दिसली नाही. मेव्हण्याला नीट पाठवता आलं नसेल, असं वाटलं. तो माणूसच तसा आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी मेव्हणीचा गावाहून फोन आला.

"दाजी, तिकडं सगळी बरी आहात ना?"

"बरी आहोत. का?"

"ताईचं आमंत्रण आलंय." आणि रडायलाच लागली. "वास्तुशांतीचं. कसली वास्तू, दाजी? बोलावतीय ती मला."

"तिला बोलवायचं असतं तर आधी मला बोलावलं असतं. तुझा नंबर कुठला आलाय. उघडू नको ते."

"उघडलं की. ताईचं न उघडून चालंल का?"

पोरगा कंपनीत असले किडे पकडायचंच काम करतो. त्यानं मला समोर बसवून समजावलं. हा किडा आत गेला की आधी गप्प बसतो. आपण ज्या ज्या माणसांना कधी लिहिलं, त्यांची नावं गोळा करतो आणि आपल्याच नावानं त्यांना तसलंच निमंत्रण धाडतो. आपण पासवर्ड टाइप करताना एकेक अक्षर टिपतो. फाइली उचलतो आणि थोड्या थोड्या बाहेर धाडतो, म्हणजे आवाज होत नाही. घरातल्या वायफायवरून शेजारच्या मशीनचं दार ढकलून बघतो, कुठं दुरुस्ती राहिलीय ते हुडकतो.

"फार सोफिस्टिकेटेड आहे, आबा," तो म्हणाला. जावयाचं कौतुक करावं तसं.

सोफिस्टिकेटेड म्हणे. माझ्या गिरणीतला सोंडा भूक लागली म्हणून खातो. पोट भरलं की तिथंच मरतो, चाळणीत सापडतो. त्याला लाज नसेल, पण ढोंगही नाही. हे कुठंतरी खुर्चीवर बसलेलं, शिकलेलं, आईबापानं फी भरलेलं माणूस. ते मेलेल्या बाईच्या नावानं अक्षता वाटतं आणि तिच्या बहिणीला रडायला लावतं. याला किडा म्हणणं म्हणजे किड्याचा अपमान.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"पूर्ण पुसावं लागेल. सगळंच."

"आणि तिचं बोलणं?"

त्यानं लॅपटॉप उलटा करून खालचे स्क्रू बघितले. मग म्हणाला, "डिस्क बाहेर काढून बघतो. आवाजाच्या फाइली बहुतेक निघतील. हमी देत नाही."

"चोरानं नेल्या असतील का?"

"नेल्या असतील. प्रत नेली तरी इथलं इथंच राहतं."

म्हणजे कुठलातरी हरामखोर बसून काहील म्हणजे काय ते ऐकतोय. ऐक म्हणावं. तुझ्या घरी कुणी एवढं तरी सांगितलं असतं, तर असले धंदे केले नसतेस.

शनिवारी सकाळी त्यानं डिस्क काढली आणि इंटरनेट न जोडलेल्या एका जुन्या मशीनला लावली. निघालेली प्रत्येक फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची, असं मी सांगितलं. नुसतं नाव दिसलं म्हणजे दळण झालं असं नसतं, पीठ हातात घेऊन बघावं लागतं. दुपारपर्यंत आम्ही ऐकत बसलो. सून भाकऱ्या टाकता टाकता ऐकत होती. परातीचं बोलणं मध्येच तुटलं, परत जुळलं नाही. दोन उघडलीच नाहीत. उंबऱ्याच्या वेळी तिला खोकला आला आणि ती म्हणाली, "थांब गं, तुझे आजोबा पाणी आणतायत. आणतील या वर्षात." नात फस्सकन हसली. पोरानं मान फिरवली. मी पाणी आणलं होतं, पण ते त्यात आलेलं नाही.

तीन गेली. बाकीची राहिली, ती पोरानं त्या जुन्या मशीनमध्ये उतरवून घेतली.

"पुसू?" पोरानं विचारलं.

"पूस."

तासाभरानं लॅपटॉप कोरा झाला आणि नाव विचारायला लागला. पोराची बोटं सवयीनं आईचं नाव घालायला गेली आणि थांबली.

"माझं घाल," मी म्हणालो. "पुन्हा आला तर बोंबलू दे माझ्या नावानं. तिला आता त्रास नको."