हलकं लिनक्स आणि कॅरमवाले

भिलाईतल्या आमच्या मराठी मंडळाच्या वाचनालयाचा जुना कॉम्प्युटर एका सकाळी उठलाच नाही. कोणती पुस्तकं आहेत, कोणी नेली, सारी यादी त्याच्या पोटात. वाचनालय सांभाळते माझी बायको. मंडळातले कॅरमवाले त्या खोलीवर टपूनच होते. बैठकीत त्यांचा म्होरक्या म्हणाला, "यादीच नाही तर वाचनालय कायचं? खोली आमाले द्या." रविवारपर्यंतची मुदत मिळाली.

मी छाती ठोकली! लिनक्स ही फुकट प्रणाली आतल्या फायलींना हात न लावता पेनड्राइव्हवरून चालते, एवढं मला ठाऊक होतं. माझी अख्खी नोकरी पोलाद कारखान्यातल्या रोलिंग मिलमधली. जे जड ते दमदार, हा आम्हा मिलवाल्यांचा धर्म. म्हणून सगळ्यांत भारी, झगमगीत लिनक्स उतरवून घेतलं. पडदा उजळला. मी नाटकातल्या राजासारखा हात पसरून उभा! माउसचा बाण मात्र जागचा हलेना.

"अजी, हा कावून धापा टाकून राहिला?" बायकोनं विचारलं.

"लिनक्सच बेकार आहे," मी निकाल देऊन मोकळा.

दुसऱ्या दिवशी शिफ्टमध्ये हेच रडगाणं गायलो. कंट्रोल रूममधल्या सोबत्यानं चहाचा कप खाली ठेवला. "भैया, लिनक्स नहीं चला, या वो वाला लिनक्स नहीं चला?"

"मतलब?"

"अपने यहाँ लोहा तो एक ही गलता है. फिर पटरी अलग, प्लेट अलग, तार अलग. खिड़की की जाली में पटरी ठोकोगे क्या?"

अहाहा! मी खुर्चीतून उठलोच. म्हणजे गाभा एकच, आणि तो सगळ्यांना खुला! ज्याला जसं हवं तसं त्यानं त्याभोवती रचायचं, परवानगी कोणाची मागायची नाही. कोणी सर्व्हरसाठी रचलं, कोणी खेळणाऱ्यांसाठी, कोणी शाळांसाठी. आणि कोणा भल्या माणसांनी खास म्हाताऱ्या यंत्रांसाठीही! शिफ्ट सुटल्यावर वाचनालयात जाऊन मी एकामागून एक चार लिनक्स चालवून पाहिली. प्रत्येकाचं रूप निराळं, चाल निराळी. चौथं अगदी सडपातळ होतं. त्यावर आमचा म्हातारा टुणकन उठला. यादी जशीच्या तशी!

रविवारी सगळ्यांसमोर बायकोनं ती उघडली. कॅरमवाल्यांचा म्होरक्या खुर्चीमागून डोकावू लागला. तिनं मान न वळवता म्हटलं, "भाऊजी, तुमच्याकडे चार पुस्तकं दिसून राहिली. कधी आणता?"

खोलीचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.